गिअर अलगद पडतो तेव्हा आत काय घडतं

मॅन्युअल गिअरची गाडी कोण कशी चालवतं हे ओळखायचं असेल, तर शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाची मान बघावी. गिअर बदलून क्लच सुटला आणि मान पुढे झुकली, म्हणजे त्या क्षणी इंजिन हवं त्यापेक्षा हळू फिरत होतं. चाकांनी त्याला ओढत वेगात आणलं आणि त्या ओढण्यात गाडीचाच वेग थोडा गेला. मान मागे गेली, म्हणजे उलट झालं: इंजिन जास्त जोरात फिरत होतं आणि क्लच जुळताच त्याने गाडीला पुढे ढकललं. मान जागच्या जागी राहिली, तर दोघांचा वेग आधीच सारखा झाला होता.

गचका म्हणजे न जुळलेल्या दोन वेगांतला फरक. या लेखात पुढे जे काही आहे ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

माझ्या हे उशिरा लक्षात आलं. साधी मॅन्युअल गाडी मी बरीच वर्षं चालवत होतो. मग एका मित्राने त्याची दोन सीटची छोटी स्पोर्ट्‌स कार चालवायला दिली. पहिल्यावरून दुसरा टाकला की गचका, दुसऱ्यावरून तिसरा टाकला की गचका. मित्र काही बोलला नाही, पण माझा पाय क्लचकडे गेला की त्याचा हात डॅशबोर्डवर टेकायचा. शेवटी म्हणाला, "तू दांडी घाईने ओढतोस आणि क्लच घाईने सोडतोस. मधल्या वेळात इंजिन काय करतंय ते ऐकतच नाहीस." मी इतके दिवस हाताचा सराव करत होतो, चूक उजव्या पायात होती.

स्पोर्ट्‌स कारमध्ये ही चूक जास्त जाणवते, त्याला कारणं आहेत. इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती असते. साध्या गाडीत ती चांगली वजनदार असते, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनचे फेरे सावकाश उतरतात आणि थोडी चूक खपून जाते. स्पोर्ट्‌स कारमध्ये पाय हलला की इंजिनने लगेच उत्तर द्यावं म्हणून फ्लायव्हील हलकं ठेवतात. मग फेरे चढतातही पटकन आणि पडतातही पटकन. इंजिन ज्या रबरी माउंटवर बसतं ते कडक असतात, त्यामुळे साध्या गाडीत जो धक्का रबरात जिरतो तो इथे थेट सीटपर्यंत येतो. क्लचची स्प्रिंग जोरदार असते, कारण जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, घसरू न देता पुढे पाठवायचा असतो. म्हणून पेडल जड लागतं. पहिले काही दिवस गाडी आपल्यावर रुसल्यासारखी वाटते. पण हीच गाडी शिकायला उत्तम, कारण ती काहीही झाकून ठेवत नाही. चूक झाली की त्याच क्षणी कळते, आणि बरोबर जमलं तरी त्याच क्षणी कळतं.

तफावत एक नाही, दोन असतात

क्लच काय करतो हे बहुतेकांना साधारण माहीत असतं. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मधे क्लच प्लेट घट्ट दाबलेली असते. पेडल दाबलं की प्रेशर प्लेटची पकड सुटते, क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे होतात. पेडल सोडलं की पुन्हा जुळतात. मधला जो टप्पा, ज्यात प्लेट घासत घासत पकडते, त्याला आपण हाफ क्लच म्हणतो.

इथपर्यंत सोपं आहे. गोंधळ होतो तो पुढे. गिअर बदलताना एक नव्हे, दोन ठिकाणचे वेग जुळवावे लागतात, आणि ती दोन ठिकाणं वेगळी आहेत.

पहिलं ठिकाण गिअरबॉक्सच्या आत. दांडी ओढली की एका गिअरचे दात दुसऱ्या गिअरच्या दातांत जाऊन बसतात, असं आपल्याला वाटतं. खरं तर आजच्या गाड्यांत पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात आणि सगळ्या एकाच वेळी फिरत असतात. प्रत्येक जोडीतला एक गिअर मात्र शाफ्टवर मोकळा फिरतो. आपण दांडी हलवतो तेव्हा आतला फोर्क एक स्लीव्ह सरकवतो आणि ती स्लीव्ह त्या मोकळ्या गिअरला शाफ्टशी बांधून टाकते. गिअर पडणं म्हणजे हे बांधलं जाणं.

पण बांधायच्या आधी दोघांचा वेग सारखा हवा. ते काम सिंक्रोनायझर करतो, आणि त्याची युक्ती बघण्यासारखी आहे. स्लीव्ह सरकायला लागली की आधी एक कडं, बहुतेकदा पितळेचं, गिअरच्या शंकूसारख्या उतारावर दाबलं जातं. मधला तेलाचा थर बाजूला होतो, घर्षण सुरू होतं आणि हे कडं छोट्या ब्रेकसारखं काम करत गिअरचा वेग स्लीव्हच्या वेगाला आणून ठेवतं. जोवर वेगात फरक आहे, तोवर घर्षणाच्या ओढीने कडं किंचित फिरून बसलेलं असतं आणि त्याचे दात स्लीव्हची वाट अडवून धरतात. फरक संपला की ओढ संपते, कडं बाजूला होतं, स्लीव्ह पुढे सरकते आणि हाताला तो ओळखीचा 'टक्' लागतो.

हे सगळं सेकंदाच्या एका लहानशा भागात घडतं. पण घडायला वेळ लागतो, शून्य वेळ लागत नाही. म्हणून दांडी एका दमात ठोकून गिअर टाकायचा नसतो. ती न्यूट्रलमधून पुढच्या गिअरच्या तोंडाशी आणायची, तिथे दोन बोटांचा सौम्य पण सतत दाब ठेवायचा आणि गिअर आत ओढला जाऊ द्यायचा. लक्ष दिलं तर हे दोन टप्पे बोटांना वेगवेगळे जाणवतात: आधी एक हलकासा अडसर, मग वाट मोकळी. ज्याच्या बोटांना हा अडसर ओळखू यायला लागला त्याचा हात आपोआप सैल होतो. सकाळी पहिल्या काही मिनिटांत दुसरा गिअर जड का लागतो तेही यातून कळतं: थंड तेल घट्ट असतं, कड्याला तो थर कापून पकड घ्यायला जास्त वेळ लागतो. तेव्हा थोडं थांबायचं. जोर लावून वेळ वाचत नाही, कडं तेवढं झिजतं.

सिंक्रोनायझर नव्हते तेव्हा हे काम चालकाच्या पायांना करावं लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हवी तेवढी रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर. यालाच डबल क्लच म्हणतात. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश गिअरबॉक्स बाजारात आणला आणि हळूहळू हा त्रास रस्त्यावरच्या गाड्यांतून गेला.

आता दुसरं ठिकाण. सिंक्रोनायझर गिअर, आतला शाफ्ट आणि त्याला जोडलेली क्लच प्लेट यांचा वेग जुळवतो. इंजिनला तो हातही लावत नाही. क्लच दाबलेला असताना इंजिन गिअरबॉक्सपासून तुटलेलं असतं आणि स्वतःच्या मर्जीने फिरत असतं. म्हणून दांडी लोण्यातून सुरी जावी तशी आत गेली, तरी क्लच सोडताना गचका बसू शकतो. दांडीने पहिली तफावत मिटल्याचं सांगितलं. दुसरी अजून तशीच आहे. ती मिटवायचे दोनच मार्ग आहेत. एक, क्लच प्लेटला घासू द्या आणि तिच्या घर्षणाने इंजिनला वेगात येऊ द्या. यात उष्णता होते, प्लेट झिजते आणि घाई केली तर मान हलते. दोन, क्लच सोडायच्या आधीच उजव्या पायाने इंजिनला योग्य वेगावर आणून ठेवा.

डबल क्लच आणि रेव्ह मॅचिंग ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही. डबल क्लच पहिली तफावत मिटवतो, रेव्ह मॅचिंग दुसरी. आजच्या गाडीत पहिली सिंक्रोनायझरवर सोपवायला हरकत नाही. दुसरी आपल्या वाट्याला येते, आणि स्मूथ चालवण्याची सगळी कला तिच्यात आहे.

आकडे एकदा बघून ठेवावेत

उदाहरणाला २०१५ नंतरच्या पिढीची, सहा गिअरची माझ्दा एमएक्स-५ घेऊ. तिच्या गिअरचे रेशो, म्हणजे चाकांकडे जाणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनला किती फेरे लागतात ते, असे: पहिला ५.०८७, दुसरा २.९९१, तिसरा २.०३५, चौथा १.५९४, पाचवा १.२८६ आणि सहावा १. गाडीचा वेग न बदलता गिअर बदलला तर इंजिनचा वेग नेमका या रेशोच्या प्रमाणात बदलायला हवा. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमवर (मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर) असताना दुसरा टाकला, तर इंजिन सुमारे १,७६० वर यायला हवं. तिसऱ्यात ३,००० वर असताना चौथा टाकला, तर सुमारे २,३५० वर.

पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना इंजिनला जवळजवळ १,२०० फेरे उतरावं लागतं, तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना साधारण निम्मेच. नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गचका पहिल्या-दुसऱ्यातच का बसतो, याचं उत्तर इथे आहे. तिथे हात कच्चा असतो असं नाही, ती उडी सगळ्यात मोठी असते. तिला वेळही सगळ्यात जास्त द्यावा लागतो.

आपल्या गाडीचे रेशो तिच्या माहितीपुस्तिकेत बहुधा मिळतात. पाठ करायची गरज नाही. कुठली उडी मोठी आणि कुठली छोटी एवढं डोक्यात राहिलं की पुरे.

वरचा गिअर: थांबण्याची कला

वरचा गिअर टाकताना इंजिनचा वेग उतरायला हवा असतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तो आपोआप उतरतोच. आपल्याला फक्त बरोबर क्षण पकडायचा असतो. लवकर क्लच सोडला तर इंजिन अजून वर, गाडी पुढे उसळते. उशिरा सोडला तर इंजिन पार खाली गेलेलं, गाडी अडखळते. हलक्या फ्लायव्हीलच्या गाडीत हा क्षण लवकर येतो आणि लवकर जातो.

दुसरी नाजूक जागा सुरुवातीची आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढणं आणि क्लच दाबणं या दोन हालचाली जवळजवळ एकत्र व्हायला हव्यात. आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि मग क्लच दाबला, तर मधल्या क्षणात इंजिन गाडीला मागे ओढतं आणि गिअर हलण्याआधीच मान पुढे जाते. आधी क्लच दाबला आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच राहिला, तर इंजिन मोकळं होऊन किंचाळतं. माझ्या अनुभवात ज्याला लोक गिअरचा गचका म्हणतात त्यातले बरेच गचके असे दांडीला हात लागायच्या आधीच बसलेले असतात. यावर उपाय म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर एकदम न सोडता क्लच जसा खाली जाईल तसा वर आणायचा. एक पाय उतरतो, दुसरा चढतो, एकाच लयीत.

क्लच सोडतानाही एकसारख्या गतीने सोडायचा नसतो. पकड सुरू होते त्या बिंदूपर्यंत पटकन, तिथे क्षणभर रेंगाळायचं, मग उरलेला प्रवास निवांत. हा बिंदू पायाला पाठ व्हावा म्हणून एक साधा सराव आहे. मोकळ्या, सपाट जागेत गाडी उभी करा, पहिला गिअर टाका आणि अ‍ॅक्सिलरेटरला अजिबात हात, म्हणजे पाय, न लावता फक्त क्लच इतक्या हळू सोडा की गाडी सरपटू लागेल. पुन्हा दाबा, थांबा, पुन्हा करा. सलग पंधरा-वीस वेळा केलं की पायाच्या घोट्याला ती जागा कळते. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे असावी आणि बुटाचा तळ पातळ असावा. जाड तळाच्या बुटातून पेडल काय सांगतंय ते पोचत नाही.

काही नव्या गाड्यांत आणखी एक गोष्ट भेटते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनचा वेग लगेच पडत नाही, जरा वेळ वरच अडकून राहतो. ही तुमची चूक नाही. धुरातलं प्रदूषण कमी राहावं म्हणून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल मुद्दाम सावकाश बंद केलेला असतो. अशा गाडीत पहिल्या-दुसऱ्याच्या मधे थोडं जास्त थांबावं लागतं.

खालचा गिअर: इथे उजवा पाय कामाला लागतो

खालचा गिअर घेताना सगळं उलटं होतं. इंजिनला आता वर चढायचं असतं, आणि ते आपोआप चढत नाही. क्लच दाबला, दांडी खाली घेतली आणि क्लच सोडला, एवढंच केलं तर इंजिन खाली आणि गिअरबॉक्स वर अशी गाठ पडते आणि मान पुढे जाते. म्हणून क्लच दाबलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरला एक छोटा टोला द्यायचा, आपण म्हणतो तशी रेस द्यायची. इंजिन हव्या वेगावर उडी मारतं, आणि ते तिथे असतानाच क्लच सोडायचा.

क्रम असा बसतो: क्लच खाली, दांडी न्यूट्रलमधून खालच्या गिअरकडे निघाली की रेस, गिअर पडला की लगेच क्लच वर. रेस देऊन मग विचार करत बसलात तर इंजिन परत खाली येतं आणि मेहनत वाया जाते. क्लच दाबलेला असताना इंजिनवर गाडीचं ओझं नसतं, म्हणून पेडल फार दाबावं लागत नाही. हलकी टिचकी पुरते. किती पुरते हे गाडीगणिक बदलतं. न्यूट्रलमध्ये उभं राहून आरपीएमच्या काट्याकडे बघत दहा-बारा टिचक्या मारून पाहिल्या की अंदाज येतो.

सराव कमी आरपीएमवर का करायचा, याचंही गणित आहे. त्याच एमएक्स-५ मध्ये तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना इंजिनचा वेग साधारण १.४७ पट व्हायला लागतो. २,००० वर असाल तर २,९४० हवेत, म्हणजे ९४० ची वाढ. ४,००० वर असाल तर ५,८८० हवेत, म्हणजे १,८८० ची वाढ. प्रमाण तेच, पण भरून काढायचं अंतर दुप्पट आणि चुकल्यावर बसणारा गचकाही मोठा. म्हणून सुरुवात चौथ्यावरून तिसऱ्यावर, सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना, २,००० च्या आसपास करावी. तिथे उडी छोटी असते आणि चूक झाली तरी गाडी शांत राहते.

जमलं हे कसं ओळखायचं? क्लच सोडताना काटा हलत नाही. रेसने तो जिथे नेला तिथेच राहतो. क्लच सुटल्यावर काटा आणखी वर चढला तर रेस कमी पडली, खाली पडला तर जास्त झाली. पहिले काही दिवस काट्याकडे बघा, नंतर तेच कानाने कळू लागतं. आवाजाचा सूर क्लच सुटण्याआधी आणि सुटल्यानंतर एकच असतो.

आता ज्या युक्तीचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं ती: हील अँड टो. वळणाआधी ब्रेक लावत असताना खालचा गिअर हवा असतो. उजवा पाय ब्रेकवर, डावा क्लचवर. मग रेस कोण देणार? उजवाच. नावात टाच आहे, पण टाचच वापरली पाहिजे असं नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत पायाच्या चवड्याचा डावा भाग ब्रेकवर ठेवून, घोटा उजवीकडे कलवून, पायाच्या उजव्या कडेने अ‍ॅक्सिलरेटर ढकलणं सोपं जातं. पेडल एकमेकांपासून लांब असतील तर मात्र टाच फिरवावी लागते.

यातलं खरं अवघड काम रेस देणं नाही. रेस देताना ब्रेकवरचा दाब जराही न बदलणं हे अवघड आहे. पाय कलला की नकळत ब्रेक जास्त दाबला जातो आणि गाडी नाक खुपसते. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून उभ्या गाडीत फक्त घोट्याची हालचाल बसवावी, मग इंजिन चालू करून, मग मोकळ्या सरळ रस्त्यावर. आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती म्हणून इथे मुद्दाम लिहितो: हलका ब्रेक लावताना हील अँड टो जमत नाही म्हणून निराश होऊ नका. बऱ्याच स्पोर्ट्‌स कारमध्ये जोरात ब्रेक दाबल्यावरच दोन्ही पेडल एका पातळीत येतात. हलक्या ब्रेकला ब्रेकचं पेडल उंच राहतं आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत पोचतच नाही.

हा खटाटोप केवळ देखण्या आवाजासाठी नाही. मागच्या चाकांना ताकद जाते अशा गाडीत, वळणात शिरताना, ओल्या रस्त्यावर, रेस न देता खालच्या गिअरला क्लच झटकन सोडला, तर इंजिन मागच्या चाकांना एकाएकी अडवतं. ब्रेकमुळे वजन आधीच पुढे सरकलेलं असतं, मागची चाकं हलकी झालेली असतात, आणि ती घसरली की गाडीची शेपूट बाहेर निघते. हँडब्रेक ओढल्यासारखाच परिणाम. शिवाय खालचा गिअर ब्रेकिंगच्या शेवटाकडे घ्यावा, गाडी पुरेशी हळू झाल्यावर. आधीच घेतला तर इंजिन नको तितकं वर जातं.

हात: सैल आणि योग्य बाजूने

दांडी मुठीत आवळून धरली की हात तिरका ओढला जातो आणि नको तो गिअर लागतो. सहा गिअरच्या नेहमीच्या आकृतीत तिसरा आणि चौथा मधल्या रांगेत असतात आणि दांडी न्यूट्रलमध्ये सोडली की स्प्रिंग तिला स्वतःहून तिथे आणते. म्हणून दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना तिरकं ढकलायचं नसतं. न्यूट्रलपर्यंत आणा, दाब सोडा, स्प्रिंग दांडीला मध्ये आणते, मग सरळ पुढे. तिसऱ्यावरून चौथ्यावर तर नुसतं सरळ मागे.

चौथ्याऐवजी दुसरा लागण्याची चूक सगळ्यात महाग. तिसऱ्यात ६,५०० वर असलेल्या एमएक्स-५ ला चुकून दुसरा लागला आणि क्लच सुटला, तर चाकं इंजिनला ९,५०० च्या वर फिरवतात. इंजिनचा रेव्ह लिमिटर इथे वाचवू शकत नाही. तो इंधन तोडतो, चाकांना थांबवत नाही. व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन उघडावं लागतं. तळहात दांडीच्या डाव्या अंगाला ठेवून चौथा घेतला तर हात दुसऱ्याच्या रांगेकडे ओढतच नाही. एवढी साधी सवय एक इंजिन वाचवते.

गाडी चालवताना हात दांडीवर टेकवून ठेवू नये. ते वजन आतल्या फोर्कवर जातं आणि तो स्लीव्हवर घासत राहतो. डावा पायही क्लचवर विसावू नये. पेडलचा दाब प्रेशर प्लेटपर्यंत नेणारं रिलीज बेअरिंग झिजतं.

काही गाड्या रेस स्वतःच देतात. निस्सानने २००९ च्या मॉडेलच्या ३७०झेड मध्ये मॅन्युअल गिअरसाठी ही सोय दिली, आणि आता ती बऱ्याच स्पोर्ट्‌स कारमध्ये असते. ती वाईट नाही. मी तर म्हणेन, आधी काही दिवस ती चालू ठेवून नुसतं ऐका: कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरला गाडी किती रेस देते. मग बंद करा आणि तोच सूर स्वतःच्या पायाने काढून बघा. इतका शांत शिक्षक दुसरा मिळणार नाही.

इतकं सगळं नीट करूनही गिअर खरखरत असेल, तर दोष पायाचा नाही असं समजून आवाज कुठे येतो ते बघा. एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, खर्र होत असेल तर त्या गिअरचं सिंक्रोचं कडं झिजलेलं असण्याची शक्यता जास्त. सगळेच गिअर जड लागत असतील आणि क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना दात घासत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही. त्याचं ऑइल किंवा सिलिंडर तपासायला लागेल. रिव्हर्सला मात्र आधी एक संधी द्या. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये त्याला सिंक्रो नसतो, म्हणून गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून मग टाका. तरीही खरखरला तर मेकॅनिककडे जाताना आवाज कोणत्या गिअरला येतो आणि तेल थंड असताना येतो की गरम झाल्यावर, हे लिहून न्या. गिअरबॉक्स उघडायचा की नाही, हे त्याला यावरूनच ठरवता येतं.